झाडावर राहणारा निवडुंग: घरातल्या रिप्सॅलिसची निगा

नर्सरीत टांगलेल्या कुंडीतून हिरव्या शेवयांसारख्या काड्या लोंबत असतात. पान नाही, काटा नाही, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘कॅक्टस’. त्या एका शब्दावर विसंबून लोक हे झाड रणरणत्या गॅलरीत टांगतात आणि पंधरवड्यातून एकदा घोटभर पाणी देतात. महिन्याभरात काड्या पिवळट पडतात, सुरकुततात. मग घाबरून रोज पाणी सुरू होतं. निम्मी मुळं तोवर वाळून गेलेली असतात. त्यांना ते पाणी ओढता येत नाही आणि बुडखा कुजतो.

रिप्सॅलिस निवडुंगाच्याच कुळातलं आहे, पण वाळवंटाशी त्याचा संबंध नाही. याच्या बहुतेक जाती ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर आणि बेचक्यांत वाढतात. आमरीसारखीच ही अपिवनस्पती. झाडावर बसते खरी, पण बांडगुळासारखा त्याचा रस शोषत नाही. खाचेत साचलेला पालापाचोळा आणि शेवाळ हीच तिची माती. पाऊस आला की मुळं चिंब होतात, पाऊस थांबला की वाऱ्याने लवकर सुकतात. कुंडीत आपल्याला हेच जमवायचं आहे. मुळांना ओल हवी, आणि ओलीपेक्षाही खेळती हवा हवी.

ज्यांच्या घरी ब्रह्मकमळ नीट वाढतं त्यांना हे तंत्र निम्मं येतंच. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तोही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला झाडावर राहणारा निवडुंग आहे (हिमालयातलं ब्रह्मकमळ ही अगदी वेगळी वनस्पती), आणि आपण ‘पान’ म्हणून जे खोचतो ते त्याचं चपटं खोड असतं. रिप्सॅलिसच्या काड्याही खोडच आहेत. अन्न तयार करण्याचं काम त्याच करतात, म्हणून काडीचा रंग आणि टवटवी यावरून झाडाची सगळी तब्येत कळते.

कोणती जात आणली आहे?

निगा जवळपास सारखीच असल्याने यात फार अडकू नका. बॅकिफेरा जातीच्या काड्या सुतळीएवढ्या बारीक आणि सरळ लोंबणाऱ्या. सेरेउस्क्युलाच्या लांब काडीच्या टोकाला तांदळाच्या दाण्यांसारख्या आखूड पेरांचे झुपके. पिलोकार्पाच्या काड्यांवर बारीक पांढरी लव. पॅराडॉक्सा साखळीसारखी, कोनाकोनाने वळत जाणारी. एलिप्टिका आणि पॅकिप्टेरा चपट्या, पानांसारख्या दिसणाऱ्या. उन्हाचे चट्टे यांच्यावर ठळक उमटतात. पहिलं झाड घेत असाल तर बॅकिफेरा घ्या, ती चुका सर्वांत जास्त खपवून घेते. अमेरिका खंडांबाहेर मूळचा मानला जाणारा निवडुंग हा एकच: आफ्रिका, मादागास्कर आणि आपल्या शेजारी श्रीलंकेतही तो सापडतो. तो समुद्र ओलांडून कसा गेला, पक्ष्यांच्या पोटातून की जहाजांवरून, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

आधी कुंडीतून काढून बघा

नवं झाड आणल्यावर पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. पेरांच्या सांध्यांत पांढरा कापूस दिसतो का ते पाहा; ती किडीची खूण, उपाय पुढे ‘किडी’ या भागात आहे. दिसला नाही तर कुंडी आडवी धरा, बाजू दाबा आणि मुळांचा गोळा अलगद बाहेर काढा. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक लोक करत नाहीत, आणि झाड जगणार की जाणार ते बरेचदा तिथेच ठरतं.

गोळा बहुधा निव्वळ बारीक कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा असतो. नर्सरीला ते सोयीचं, कारण हलकं असतं आणि वाहतुकीत वाळत नाही. घरात मात्र त्याचे दोन त्रास. सतत ओलं राहिलं तर ते दबून चिखलासारखं होतं आणि मुळांना हवा मिळत नाही. एकदा पूर्ण वाळलं तर पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं, आपल्याला वाटतं झाड भिजलं, आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत असतो. काही वेळा गोळ्याच्या मधोमध रोपवाटिकेतल्या लहान रोपाची कागदी किंवा प्लास्टिकची जाळी तशीच राहिलेली असते. ती कात्रीने कापून काढा. निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी, दोऱ्यासारखी आणि ओढली तर ताण धरणारी असतात. काळी, बोटात चेपली की साल निसटून आत नुसता धागा उरणारी मुळं मेलेली.

मिश्रण

कोणताही एक डबा माप म्हणून घ्या. नारळाच्या सोडणाचे 1 ते 1.5 सेंटिमीटरचे तुकडे 4 माप, चाळलेलं पानांचं खत 2 माप, परलाइट (पांढरे, हलके खनिज खडे) किंवा विटेचे हरभऱ्याएवढे खडे 2 माप, लाकडी कोळशाचे तुकडे 1 माप आणि गांडूळखत 1 माप. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट भागात पानांचं खत 1 माप करा आणि विटेचे खडे 3 माप. नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत विटेच्या खड्यांतलं एक माप कमी करून त्या जागी धुतलेलं कोकोपीट घाला.

सोडणाचे तुकडे पाकिटातून थेट वापरू नका. त्यांत क्षार असतात आणि त्यांनी मुळांची टोकं करपतात. बादलीत 24 तास भिजवा, मधे तीनदा पाणी बदला. चहासारखं गडद पाणी फिकट झालं की झालं. विटेच्या खड्यांतली भुकटी चाळून टाका, नाहीतर तीच खाली बसून छिद्रं बुजवते. कोळसा साधा लाकडी घ्या. चुलीतला राख लागलेला असेल तर आधी धुवा, कारण राख अल्कधर्मी असते. बार्बेक्यूच्या दाबून बनवलेल्या वड्या चालत नाहीत.

मिश्रण जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे. ओलं करून मूठभर दाबा आणि हात उघडा. लाडू वळला तर बारीक माल जास्त झाला, आपोआप विखुरलं तर बरोबर. कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता. ते वर तळं न करता लगेच खालून धावायला हवं.

कुंडी आणि लावणी

कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळा. याची मुळं कमी आणि उथळ असतात. आठ-दहा काड्यांच्या गुच्छाला 10 ते 12 सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते. मुळांच्या गोळ्याभोवती बोटभर जागा राहिली की बास. जादा मिश्रण म्हणजे मुळं नसलेल्या भागात साचलेली ओल. दमट भागात मातीची कुंडी बरी, कोरड्या भागात प्लास्टिकची. तळाला खड्यांचा थर घालायची जुनी सवय इथे सोडा. पाणी बारीक मिश्रणातून खड्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

टांगायच्या प्लास्टिक कुंड्यांना खाली चिकटवलेली बशी असते. फरशी ओली होऊ नये म्हणून ती दिलेली असते, पण झाड पाण्यात उभं राहतं ते तिच्यामुळेच. खटका दाबून ती काढून टाका आणि पाणी देताना कुंडी न्हाणीघरात न्या.

लावणीसाठी फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर उत्तम. झाड जूनमध्ये आणलं आणि गोळा चिखल झालेला असेल तर मुहूर्त न बघता लगेच बदला.

1. दोन दिवस आधी पाणी थांबवा, गोळा मोकळा व्हायला मदत होते.
2. बोटांनी बाहेरचं आणि खालचं कोकोपीट झटका. सगळं धुवून काढायचा अट्टाहास नको. मुळांना घट्ट चिकटलेलं थोडं राहिलं तरी चालेल.
3. काळी मुळं कात्रीने काढा. कात्री आधी स्पिरिटने पुसा.
4. तळाच्या छिद्रावर नेटचा तुकडा ठेवा, दोन बोटं मिश्रण घाला, झाड पूर्वी होतं त्याच खोलीवर धरून कडेने भरा. कुंडी दोनदा जमिनीवर आपटा. अंगठ्याने दाबू नका.
5. मुळं फारशी कापली नसतील तर लगेच पाणी द्या. बरीच कापली असतील तर चार दिवस सावलीत कोरडं ठेवून मग द्या.

कुठे टांगायचं

पूर्वेची खिडकी पहिल्या पसंतीची. सकाळचं कोवळं ऊन, उन्हाळ्यात साडेआठपर्यंत आणि हिवाळ्यात दहापर्यंत, मानवतं. उत्तरेची उघडी खिडकीही चालते. पश्चिमेला असेल तर खिडकीपासून मीटरभर आत किंवा पातळ पडद्याआड. उघड्या गॅलरीत 50 ते 75 टक्के सावली देणारी हिरवी जाळी लावा. दुपारी बाराला झाडाच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर हाताची सावली पाडा. कडा पुसट पण बोटं ओळखू आली तर उजेड योग्य. सावली रेखीव काळी पडली तर ऊन जास्त आहे, दिसलीच नाही तर जागा अंधारी.

जास्त उन्हात काड्या आधी लालसर-जांभळट होतात, मग फिकट पिवळ्या. लाली आली तेव्हाच हलवलं तर रंग परत हिरवा होतो. पांढुरके, कोरडे चट्टे पडले तर ते मात्र कायमचे. अंधारात नवी वाढ दोऱ्यासारखी बारीक, पांढरट आणि विरळ येते. अशा वाढीला नंतर उजेड दिला तरी ती जाड होत नाही, कापून टाकणंच शहाणपणाचं. खिडकीच नसेल तर पांढरा एलईडी दिवा 30 सेंटिमीटर वर, रोज 12 तास.

15 ते 30 अंशांत हे झाड खूश असतं. 38 च्या वर वाढ थांबवून बसतं, 10 च्या खाली पाणी अगदी कमी करावं लागतं. एसीच्या झोताखाली किंवा कूलरच्या थेट वाऱ्यात टांगू नका. परदेशात थंडीत हीटर चालू असतो तिथेही हाच नियम, वरून कोरडी गरम हवा थेट येऊ नये.

पाणी

‘आठवड्यातून किती वेळा?’ या प्रश्नाला सगळीकडे लागू पडेल असं उत्तर नाही, पण तपासायची पद्धत आहे. खराट्याचा एक हीर घ्या, कुंडीत कडेने 5 सेंटिमीटर खोचा, पाच मिनिटांनी काढा. हीर ओलसर-गडद असेल, कण चिकटले असतील तर थांबा. जेमतेम गार लागला तर पाणी द्या. अगदी कोरडा निघाला तर थोडा उशीर झाला. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी उचलून बघा, चार दिवसांनी पुन्हा उचला. महिन्याभरात हाताला अंदाज येतो आणि हिराची गरज उरत नाही.

ढोबळमानाने, वरच्या मिश्रणात 12 सेंटिमीटरच्या कुंडीला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, हिवाळ्यात सात-आठ दिवसांनी पाणी लागतं. विदर्भात मे महिन्यात दिवसाआडही लागेल. मुंबईच्या जुलैत दहा-बारा दिवस लागणार नाही. द्याल तेव्हा 250 ते 300 मिली एका वेळी, खालून चांगलं निथळेपर्यंत. रोज अर्धी वाटी शिंपडणं सर्वांत वाईट, वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं उपाशी.

पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नका. अधूनमधून पडणारी सर उत्तम, सलग आठ दिवसांची झड नाही. बोअरच्या जड पाण्याने मिश्रणावर आणि कुंडीच्या कडेला पांढरे थर बसतात, नवी वाढ खुरटते. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वोत्तम, एसीचं गळणारं पाणीही चालतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घातलं जातं, पण त्यात क्षार एकवटलेले असतात; या झाडाला ते देऊ नका. बोअरशिवाय पर्याय नसेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा पावसाच्या दोन लिटर पाण्याने कुंडी धुवून काढा. काड्यांवर फवारणी कोरड्या उन्हाळ्यात सकाळी ठीक आहे, पण मुळांच्या पाण्याला ती पर्याय नव्हे.

सुरकुतलेली काडी: तहान की कूज?

या झाडाबाबत सर्वांत महागात पडणारी गल्लत हीच. तहानलेल्या आणि कुजलेल्या, दोन्ही झाडांच्या काड्या सारख्याच सुरकुततात, कारण दोन्हीकडे पाणी वर पोचत नसतं. काडीकडे बघून निर्णय घेऊ नका, कुंडी उचला.

कुंडी हलकी आणि काड्या सगळीकडे सारख्याच मऊ असतील तर ती तहान. कुंडी 15-20 मिनिटं पाण्याच्या बादलीत कडेपर्यंत बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळा. दोन दिवसांत काड्या भरतात. कुंडी जड, मिश्रण ओलं आणि तरी काड्या सुरकुतलेल्या, तर मुळं गेली. खात्री करायला एक काडी बुडाशी धरून हलकेच ओढा. विनासायास हातात आली, टोक तपकिरी आणि गिळगिळीत निघालं, की कूज पक्की.

मग वेळ न घालवता: झाड बाहेर काढा, कुजलेला भाग कापत कापत वर या. काप आतून स्वच्छ हिरवा-पांढरा दिसेपर्यंत थांबू नका. मधोमध तपकिरी ठिपका दिसला तरी आणखी एक पेर वर. प्रत्येक कापानंतर कात्री पुसा. वाचलेल्या काड्या नव्याने रुजवा, जुनं मिश्रण फेकून द्या. कापावर दालचिनीची पूड किंवा बुरशीनाशक लावतात, लावा हवं तर. पण खरं औषध म्हणजे काप पूर्ण सुकू देणं.

खत

नवे कोंब दिसत असताना, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आधी ओलसर असलेल्या मिश्रणात. ऐन मे महिन्यात आणि थंडीत बंद. शेणखत घालू नका, ते दबतं आणि किडे आणतं.

काडीपासून नवं रोप

10 ते 15 सेंटिमीटरची निरोगी काडी शक्यतो सांध्यावर पिळून तोडा, कात्रीपेक्षा जखम लहान राहते. सावलीत कागदावर दोन-तीन दिवस, पावसाळी हवेत पाच दिवस सुकवा. बुडाचं टोक हाताला कोरडं, कडक लागलं की 2 सेंटिमीटर खोल खोचा. एका 8 सेंटिमीटरच्या कुंडीत आठ-दहा काड्या एकदम लावा. एकटी काडी वर्षभर एकटीच दिसते आणि कुंडी भरायची वाट बघून माणूस कंटाळतो. पहिले पाच दिवस पाणी नाही, नंतर मिश्रण जेमतेम ओलसर. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. रोज उपटून बघू नका. टोकाला नवा कोंब आला की समजा. जुन्या काड्यांवर हवेत फुटलेली केसांसारखी मुळं दिसली तर तो रोग नव्हे. अशी काडी निवडलीत तर ती आणखी लवकर धरते.

कुंडीऐवजी नारळाच्या अर्ध्या सोडणावरही लावता येतं. आतल्या बाजूला मूठभर शेवाळ किंवा काथ्या, त्यात मुळं, आणि नायलॉनच्या दोऱ्याने सैलसर बांधा. कोकणात असं सोडण आंब्याच्या बेचक्यात अडकवलं तरी झाड मजेत राहतं. कोरड्या गावात हा नाद नको, उन्हाळ्यात रोज बुडवावं लागेल.

किडी

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. सांध्यांत कापसासारखे पुंजके, काड्यांवर चिकटपणा, आणि बहुधा सोबत मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की आधी सांधे तपासा. कापसाच्या काडीने स्पिरिट लावून एकेक पुसून काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात 1-2 मिली सौम्य द्रव साबण, त्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल ढवळून संध्याकाळी फवारा; आधी एका काडीवर करून बघा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा करा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. कीड वर दिसत नाही आणि झाड तरी खुरटतंय, तर कुंडीतून काढून आतली भिंत पाहा. तिथे पांढरी पूड असेल तर कीड मुळांवर आहे. त्या झाडाशी झुंजत बसण्यापेक्षा वरच्या स्वच्छ काड्या रुजवून बाकीचं टाकून देणं स्वस्त पडतं. पावसाळ्यात रात्री गोगलगायी कोवळी टोकं खातात. टॉर्च घेऊन वेचा.

फुलं आणि फळं

डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की पाणी थोडं लांबवा, पूर्ण तोडू नका. उन्हाळा लागता लागता काड्यांवर पांढरी, सेंटिमीटरहूनही लहान फुलं येतात. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा बदलली तर त्या गळतात. मागून मोत्यांसारखी पांढरी, अर्धपारदर्शक फळं लागतात आणि कित्येक आठवडे टिकतात.

पिकलेलं फळ चिमटीत दाबलं की आतून चिकट गरासकट काळ्या बिया निघतात. रानात हाच चिकटपणा पक्ष्याच्या चोचीवरून बी फांदीला डकवतो. घरी बिया ओलसर मिश्रणावर नुसत्या पसरा, वर माती घालू नका, डब्यावर झाकण ठेवून उजेडात ठेवा. उगवलेल्या रोपांवर बारीक मऊ काटे दिसले तर दुसरंच काही उगवलं म्हणून उपटू नका. रिप्सॅलिसला लहानपणी काटे असतात, मोठं झाल्यावर ते गळून जातात.